निर्मलाताईंकडे जागा नाही

समोरचा माणूस बोलून उठला, जिना उतरून गेला, की निर्मलाताई दार लोटून घेत आणि त्याच्याच खुर्चीत जाऊन बसत. स्वतःच्या नव्हे, त्याच्या. पुढचा माणूस बाहेर बाकावर ताटकळत असे, माझ्यासमोरचा फोन वाजत असे आणि आत ताई मांडीवर हात ठेवून आपल्याच रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेल्या असत. पहिल्यांदा दाराच्या फटीतून हे पाहिलं, तेव्हा बाईंना विश्रांतीची गरज आहे असा निष्कर्ष मी काढला. घाईने निष्कर्ष काढणं हा माझा जुना व्यवसाय होता.

काही आठवड्यांनी धीर करून मी एक सूचना मांडली. "ताई, दोन माणसांच्या मध्ये तुमचा जो वेळ जातो तो वाचवला, तर रोज आणखी एक माणूस बसेल."

"आणि मी कुठे बसू?"

"तुमच्या खुर्चीत."

"तिथं मी दिवसभर बसलेलीच असते की. समोरून मी कशी दिसते, ते अधूनमधून बघावं लागतं. एखाद्या दिवशी फार शहाणी दिसते. मग पुढच्या माणसाशी जरा कमी बोलते."

निर्मला बोरसे या समुपदेशक होत्या. सुरतेतल्या गोडादऱ्यात, शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. जन्म शिरपूरकडचा, वाढल्या लिंबायतमध्ये. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. मानसशास्त्र शिकून त्यांनी काही वर्षं एका शाळेत नोकरी केली आणि मग हे स्वतःचं सुरू केलं. मन मोकळं करायला आलेल्या माणसाशी अहिराणीत बोलू शकणारं या भागात दुसरं कोणी माझ्या माहितीत नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला आणि त्या धुळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. मी त्यांच्याविषयी लिहितो आहे हे कळल्यावर फोनवर म्हणाल्या, "मी जिवंत आहे, हे आधी लिहा. तुम्ही अशा थाटात लिहिता की लोकांना वाटेल, गेली." त्याप्रमाणे लिहिलं आहे.

त्या मला 'संपादक' म्हणत. मी कधीही संपादक नव्हतो. एका मराठी दैनिकाच्या सुरत पानाचा मी उपसंपादक होतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं कापून जागेत बसवणारा. ताईंवर एक लेख लिहावा म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, मुलाखत घेतली, लेख लिहिला आणि तो छापून येण्याच्या आतच ते पान बंद झालं. लेख येणार नाही हे सांगायला मी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांच्या टेबलावरचा फोन थांबायचं नाव घेत नव्हता.

"मग आता काय करता?" त्यांनी विचारलं.

"बघतोय."

"मग इथं बसून बघा," असं म्हणून त्यांनी तो वाजता फोन माझ्या हातात दिला.

कामाचं स्वरूप त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "आपल्याकडे जागा नाही. हे तुम्ही सगळ्यांना सांगायचं, पण कुणाला अपमान वाटता कामा नये."

जागा नाही, याचं कारण मला नंतर कळलं. पूर्वी ताई येईल त्याला घेत. लूमची पाळी संपवून आलेला कामगार असो की दुपारी साडीवर टिकल्या चिकटवण्याचं काम बाजूला ठेवून आलेली बाई असो, नाही म्हणणं त्यांना जमत नसे. मग एक दिवस एक बाई समोर बसलेली असताना त्या दुसऱ्याच बाईच्या मुलाविषयी बोलू लागल्या. त्या दुसरीचा मुलगा वारला होता. समोरचीचा घरी बसून भात खात होता.

"जिवंत पोराचं सांत्वन केलं मी," ताई म्हणाल्या. "बरं, ती बिचारी काही बोलली नाही. ताई एवढ्या मनापासून सांगतायत, त्यांना खोटं कसं पाडायचं? म्हणून तीही रडली माझ्याबरोबर."

तेव्हापासून त्यांनी एक मर्यादा आखली. कागद न बघता जितकी माणसं डोक्यात राहतील, तितकीच घ्यायची. शनिवारी दुपारी शेवटचा माणूस गेला की त्या बाहेर येऊन माझ्यासमोर बसत, मेथीची जुडी सोडत आणि ओठांतल्या ओठांत आठवड्याची सगळी माणसं आठवत. कोणाचं गाव कुठलं, कोणाला किती लेकरं, कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही. आवाज बाहेर येत नसे. नुसती पानं खुडली जात. मध्येच हात थांबला की मी समजे, कोणाचं तरी काहीतरी हरवलं आहे. हात थांबला त्या आठवड्यात कोणी सोडून गेलं तरी त्या जागी नवीन माणूस येत नसे.

नाही म्हणण्याच्या कामात मी प्रावीण्य मिळवेन, अशी माझी खात्री होती. आयुष्यभर मी कवींना, पुढाऱ्यांच्या भाच्यांना आणि वाढदिवसाच्या शुभेच्छुकांना जागा नाकारत आलो होतो. पहिल्या दिवशी मी फोनवर म्हणालो, "सध्या वेळापत्रक पूर्णतः भरलेले असल्याने आपली नोंद प्रतीक्षायादीत घेण्यात येत आहे."

पलीकडे एक लूममास्तर होते. ते म्हणाले, "भाऊ, हाई काय बोली ऱ्हायनात तुम्ही? हो का नही, ते सांगा ना."

मी म्हणालो, "बघू."

ताईंनी ते आतून ऐकलं होतं. माणूस गेल्यावर बाहेर आल्या. "या टेबलावर 'बघू' म्हणायचं नाही. तुम्ही बघू म्हणालात की ती माणसं गावी जायचं पुढं ढकलतात. ताईंचा फोन येणार आहे म्हणून घरात बसून राहतात."

"मग काय म्हणू?"

"जागा नाही म्हणा. वेळ नाही म्हणू नका. वेळ नाही म्हटलं की माणसाला वाटतं, आपण तेवढे महत्त्वाचे नाही. जागा नाही हे सुरतेत सगळ्यांना कळतं. एका खोलीत आठ-आठ जण राहतात."

नाही म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या, असाही नियम होता. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, आणि आत्ता घरात सोबत कोण आहे. पहिल्याचं उत्तर जरासं जरी अडखळत आलं, तरी आत कोणीही बसलेलं असो, दार वाजवून त्यांना बाहेर बोलवायचं. बाकीच्यांना सरकारी दवाखान्याचा आणि दुसऱ्या दोन समुपदेशकांचा पत्ता द्यायचा. ते दोघे गुजराती होते, चांगले होते आणि त्यांच्याकडे जागा असे. तरीही लोक म्हणत, "नको, आम्ही ताईंसाठीच थांबू."

थांबणाऱ्यांची संख्या वाढल्यावर माझ्यातला उपसंपादक जागा झाला. मी त्यांची वर्गवारी केली. पहिलं पान, आतलं पान आणि जागा उरल्यास. हे काम मला इतकं आवडलं की मी ते ताईंना स्वतःहून दाखवायला नेलं.

"'जागा उरल्यास'मध्ये कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"उधन्याचे एक गृहस्थ आहेत. बाकी काही नाही, झोप लागत नाही म्हणतात."

"तुम्हाला लागते?"

"नाही."

"मग स्वतःला कोणत्या पानावर टाकलंत?"

वर्गवारी मी त्याच दिवशी मोडली. यापुढे ज्याने आधी विचारलं तो आधी, एवढंच ठरलं.

त्या रांगेत सगळ्यांत पुढे उज्ज्वला होती. वाशीमकडची. नवरा इच्छापोरला कंत्राटी कामावर, खोली तिथंच भाड्याची, पदरात काही महिन्यांचं पोरगं. बाळंतपणाला आलेली आई परत गावी गेली होती. उज्ज्वलाचा फोन दुपारी येई. सुरुवात ठरलेली असे. "जागा झाली का जी?"

"नाही झाली."

"बरं जी."

इच्छापोर शहराच्या एका टोकाला, गोडादरा दुसऱ्या. एवढ्या लांब येणार कशी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दोन बस बदलीन ना. तेवढंच घराबाहेर पडणं होईल." संभाषण आटोपशीर असल्यामुळे हा फोन मला आवडे. मी सगळ्यांना तिचं उदाहरण द्यावं, इतका तो नमुनेदार होता. मग एका दुपारी मी नेहमीप्रमाणे "नाही झाली" म्हणून फोन ठेवायला निघालो, तर ती घाईने म्हणाली, "थोडं थांबा ना जी. लगेच नका ठेवू. आज सकाळपासून कोणाशीच बोलली नाही मी."

मी थांबलो. वर्षानुवर्षं मजकूर कमी करण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाला वाढवायला सांगितल्यावर जे होतं ते झालं. इच्छापोरहून गोडादऱ्याला येणाऱ्या बस मी तिला सांगितल्या. दोनदा सांगितल्या.

मग ताईंना बोलावलं. ताई तिच्याशी बराच वेळ बोलल्या, दोन्ही प्रश्न स्वतः विचारले, सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी जायचं ते समजावलं. ती गेलीही. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या आणि कोणाशी तरी बोलत जा म्हणून सांगितलं. कोणाशी, हे तिने विचारलं नाही.

त्या शनिवारी मेथी खुडताना ताईंचा हात थांबला. मी बघत होतो. त्यांनाही कळलं की मी बघतोय.

"नाही, संपादक," त्या म्हणाल्या. "आत्ता तिला घेतलं, तर नुसतं घेतल्याचं समाधान. त्या पोरीच्या वाट्याला काही येणार नाही."

म्हणजे कोणी तरी सोडून गेल्याशिवाय उज्ज्वलाला जागा नव्हती. आणि कोणीच सोडून जात नव्हतं. महिनेच्या महिने तीच नावं. हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण येणारी माणसं टिकून आहेत हे मी संस्थेचं यश समजत होतो.

बुधवारी दुपारची वेळ सुरेखा पाटील यांची होती. त्या मी कामाला लागलो तेव्हापासून येत. पहिल्यांदा आल्या तेव्हा अगदी खंगलेल्या होत्या. पुढे त्यांची तब्येत सुधारली, अंग भरलं, चष्माही लागला. ताईंच्या कामाचा परिणाम सांगताना मी त्यांचा दाखला देत असे. त्यानंतर त्या पुन्हा बारीक झाल्या आणि चष्मा गेला. हेही एकवेळ समजण्यासारखं होतं. उंची कमी झाली, हे मात्र लक्षात यायला हवं होतं.

एका बुधवारची गोष्ट. पुढच्या आठवड्यात ताईंना दवाखान्यात जायचं होतं, म्हणून तेव्हाची वेळ बदलायची होती. सुरेखाबाई बाकावर बसल्याच होत्या, पण फोन करून कळवायचं अशी पद्धत असल्यामुळे मी फोन केला. पद्धत पाळण्यात मी कधी कसूर केली नाही. फोन त्यांच्या यजमानांनी उचलला.

"सुरेखा गावी आहे ना," ते म्हणाले. "होळीपासून नंदुरबारलाच आहे. काय काम होतं?"

फोन कानाला तसाच धरून मी समोर पाहिलं. सुरेखा पाटील बाकावर बसून भाजके शेंगदाणे सोलत होत्या.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

"सुरेखा पाटील."

"सुरेखा पाटील नंदुरबारला आहेत."

"हां, तीच," बाई जराही न गडबडता म्हणाल्या. "तिनी जागावर मी उनू."

सुरेखाच्या जागेवर आलेल्या या बाईंचं नाव मंगल होतं. नवागामला राहायच्या. सुरेखाने आपला बुधवारचा नंबर शोभाला दिला होता, म्हणजे चष्मेवाल्या बाईंना. शोभाने तो मंगलला दिला. नळावर एकीची घागर उचलून तिथं दुसरीची ठेवतात, गावच्या गाडीत जागेवर रुमाल टाकून ठेवतात आणि मग ती जागा ओळखीच्या माणसाला देतात, तसं. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिघींपैकी कोणालाच वाटलं नव्हतं. मी नाव विचारत होतो आणि त्या नंबर ज्या नावाचा आहे ते सांगत होत्या. नावगावाची खातरजमा केल्याशिवाय एक ओळ पुढे न सोडणारा म्हणून मी एकेकाळी कार्यालयात अप्रिय होतो.

मी ताबडतोब एक सूचनाफलक लिहायला घेतला. 'येथे देण्यात आलेली वेळ अहस्तांतरणीय आहे.' दुसरं वाक्य सुचायच्या आत ताई बाहेर आल्या.

"हे कोणासाठी?"

मी सगळा प्रकार सांगितला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. एवढं सगळं सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की ताई तर दर बुधवारी त्या बाईच्या समोर बसत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"संपादक, मी त्यांच्या तोंडाकडे बघून बोलते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही शोभाच्या अंगावर मांस चढलं म्हणून इतके खूश होतात. कसं सांगणार?"

मग त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. "या बायकांना 'मी बरी झाले' असं म्हणता येत नाही. म्हटलं की दृष्ट लागेल अशी भीती. शिवाय ताईंना सोडून चालले असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून बरं वाटायला लागलं की नंबर दुसरीला देतात. एखाद्या बुधवारी समोर वेगळीच बाई बसली की मी समजते, आधीची सुटली. एक गेली, एक आली. डोक्यातला आकडा तेवढाच राहतो. मला काय अडचण?"

"आणि जिला नंबर देणारी कोणी नाही, तिने काय करायचं?"

हा प्रश्न मी फार विचार करून विचारला, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे वादात मी हरत होतो आणि मला एक मुद्दा हवा होता.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"उज्ज्वला रांगेत पहिली आहे. ती पहिलीच राहणार. तुमच्याकडची जागा शेजारणीकडून शेजारणीकडे जाते. तिला शेजारीणच नाही."

खाली दुकानात कोणीतरी मशीन चालवून बघत होतं, बंद करत होतं, पुन्हा चालवत होतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे मला दिसलंच नाही. ज्या वर आल्या त्यांनाच मी बघत बसले."

त्यांच्या मते मंगल आता सुटायला आली होती. अडचण वेगळीच होती. तिची नणंद गावाहून यायची होती आणि मंगलने तिला आधीच शब्द देऊन ठेवला होता.

"तुम्ही सांगा ना, बुधवार उज्ज्वलाला दिला म्हणून," मी म्हणालो.

"मी काढून घेतला तर ती म्हणेल, ताईंनी मला काढलं. इतक्या महिन्यांचं सगळं पाण्यात. तिनेच द्यायला हवा."

ताईंनी मंगलला एवढंच सांगितलं, की एक पोरगी बरेच दिवस थांबली आहे आणि तिचं इथं कोणी नाही. मंगलने एक अट घातली. ओळख ना पाळख अशा बाईला आपली जागा ती देणार नव्हती. आधी बघणार, मग ठरवणार.

मंगलच्या पुढच्या खेपेला उज्ज्वला दोन बस बदलून आली. कडेवर पोरगं, खांद्याला पिशवी, वेणी अर्धवट घातलेली. फोनवरच्या आवाजावरून मी तिला उंच समजत होतो. ती लहानखुरी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीच का जी ते, बसवाले?"

मंगल बाकावर सरकली. तिला शेजारी बसवलं आणि मुलगी बघायला आल्यासारखी विचारपूस सुरू केली.

"गाव कोनतं तुन्हं?"

"वाशीमकडचं."

"आठे कोन शे?"

"मालक हायेत. ते कामावर असतात."

"शेजारी?"

"दारं बंद असतात."

"जेवन करस का टाइमवर?"

उज्ज्वला पिशवीचा बंद नीट करू लागली. मंगलने पोराकडे पाहिलं. तो तिच्या बांगड्या ओढत होता. "हासस का हाऊ?"

"हासते तो. मलेच त्याच्यासंगं हासता येत नाही."

यावर मंगलने पुढचा प्रश्न विचारला नाही. ताई दारात येऊन उभ्या होत्या, पण मध्ये पडल्या नाहीत. मला वाटलं आता नणंदेचा विषय निघणार. मी माझ्या परीने बोलायची तयारी करत होतो. सुरुवातीला पार्श्वभूमी, मग मुद्दा. तेवढ्यात मंगलने हात लांब करून पोरगं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"जाय, आत जाय. बुधवार तुना."

"अन् तुमी?"

"मी बठस ना आठे, ह्याले लिसन."

पोराला मंगलजवळ ठेवून उज्ज्वला आत गेली, दार लागलं. मी मंगलला विचारलं, "आणि तुमची नणंद?"

"तिले मी शे, तिना भाऊ शे, अख्खी गल्ली शे," मंगल म्हणाली. मग मांडीवरच्या पोराला म्हणाली, "देख, हाऊ बाबा कसा देखी ऱ्हायना आपलाकडे." तो बाबा मी होतो.

त्यानंतर मंगल बरेच बुधवार आली. आत जायला नव्हे. पोराला घेऊन बाकावर बसायला. ताई म्हणाल्या, "हिला मी मोजत नाही. ही आता तुमच्याकडची." पोरगं मंगलकडून माझ्या टेबलावर येई आणि माझे पेन एकेक करून खाली टाकी. आत काय बोलणं होतं ते मला कधीच कळलं नाही. दार पातळ होतं, पण खालच्या मशिनींचा आवाज बरोबर महत्त्वाच्या वेळी सुरू होई. बातमीपासून हाताच्या अंतरावर बसून ती न मिळणं, हा अनुभव तसा मला नवीन नव्हता.

मी एकदा ताईंना विचारलं होतं, "उज्ज्वलाचं काय वाटतं?"

"काय वाटायचंय?"

"म्हणजे फरक आहे का?"

"तुम्ही शोभाच्या वेळी सांगितला होतात फरक," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मंगलचं येणं हळूहळू थांबलं. तिच्या घरी टिकल्यांचं काम वाढलं होतं आणि पोरगं आता बाकावर मावेनासं झालं होतं. उज्ज्वला त्याला आतच घेऊन बसू लागली. मग एका बुधवारी ठरलेल्या वेळी जिन्यावर पावलं वाजली आणि एक अनोळखी बाई वर आली. नाकात दोन्ही बाजूंना चमकी, डोक्यावर पदर. ती बाकावर टेकली, आणि केव्हाही उठून जाईल अशा बेताने तिने एका हाताने जिन्याचा कठडा धरून ठेवला.

"नाम?" मी विचारलं.

"उज्ज्वला."

या वेळी मी तयार होतो. "आपका नाम?"

"सबिता," ती दबक्या आवाजात म्हणाली. हिंदी तिला बेताचीच येत होती. "बाजूवाली दीदी नीचे है. बोली, बुधवार अब तेरा."

मी गॅलरीत गेलो. खाली रस्त्याच्या कडेला पेरूची हातगाडी उभी होती आणि उज्ज्वला एकेक पेरू दाबून परत ठेवत होती. पोरगं तिचा पदर धरून उभं होतं. गाडीवाला वैतागला होता. "अरे बेन, दबावी दबावीने बधां बगाडी नाख्यां तमे!" उज्ज्वला त्याला मोडक्यातोडक्या गुजरातीत, पण चांगल्या चढ्या आवाजात उत्तर देत होती. पेरू कडक आहेत, यात तिचा काय दोष, असा तिचा एकूण मुद्दा होता.

मी ताईंना बोलावलं. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"भांडतेय," मी म्हणालो.

"चांगली भांडतेय," ताई म्हणाल्या. लेकीचा निकाल लागलेल्या आईचा चेहरा असतो, तसा त्यांचा झाला होता. खाली उज्ज्वलाने एक पेरू निवडला, तो पोराच्या हातात दिला आणि आपल्याच विजयावर खुदकन हसली. पोरगंही हसलं.

मला राहवलं नाही. मी कठड्यावरून वाकलो आणि तिला हाक मारायला तोंड उघडलं. ताईंनी माझी बाही धरून मला मागे ओढलं.

"हाक मारू नका, संपादक," त्या कुजबुजल्या. "हाक मारली तर वर येईल."

आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून, खालून दिसणार नाही असे उभे राहिलो. पेरूवाल्याचा आवाज अजून येत होता. तो थांबेपर्यंत ताईंनी माझी बाही सोडली नाही.